जड कोठा, हलका कोठा

आजीकडे सोनामुखीची पानं पितळेच्या एका झाकणाच्या डब्यात असत. घरात कुणाचं पोट दोन दिवस साफ झालं नाही, की रात्रीची जेवणं आटोपल्यावर ती डबा काढायची, पातेलीत पेलाभर पाणी ठेवायची आणि त्यात पानं टाकायची. चिमूट प्रत्येकासाठी वेगळी. मला अंगठा आणि एका बोटात मावतील तेवढी. थोरल्या काकांना तीन बोटांची भरगच्च, कारण ‘त्याचा कोठा जड’. आईला पानं नाहीतच, चार भिजवलेल्या मनुका. ‘हिचा कोठा हलका, हिला तेवढंच पुरे’. काढा गडद तपकिरी व्हायचा आणि पेला रिकामा होईपर्यंत आजी समोरून हलायची नाही.

दोन गोष्टी मला तेव्हा कळत नसत. काढा रात्रीच का द्यायचा? आणि एकाच चुलीवरचं खाणाऱ्या माणसांचे कोठे वेगवेगळे कसे? पुढे या विषयात शिरलो तेव्हा लक्षात आलं की दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे, मोठ्या आतड्यात. तिथल्या जिवाणूंनी हात लावल्याशिवाय सोनामुखीचं औषध होतच नाही.

सोनामुखी आपल्याकडे मुख्यतः दक्षिणेतून येते. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या नावाने ती जगभर ‘टिनेव्हेली सेना’ म्हणून विकली जाते. तिच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. स्वित्झर्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ आर्थर स्टोल यांनी १९४१ साली ती शुद्ध रूपात वेगळी केली, आणि आज मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या बद्धकोष्ठाच्या कितीतरी गोळ्यांत तीच असतात. सेनोसाइडचा रेणू म्हणजे एकमेकांना पाठ लावून बसलेली जुळी भावंडं, आणि दोघांच्या हातात ग्लुकोजची एकेक पुडी. या साखरेमुळे सेनोसाइड पाण्यात विरघळतं, म्हणून तर ते काढ्यात उतरतं. पण तीच साखर त्याला आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरू देत नाही. आपली पाचक विकरं, म्हणजे एन्झाइम्स, भाताचा स्टार्च सहज तोडतात. सेनोसाइडमधली साखरेची कडी मात्र वेगळ्या घडणीची आहे. ती त्यांना उघडत नाही.

म्हणून रात्री साडेनऊला घेतलेला काढा जठरातून जसाच्या तसा पुढे सरकतो. लहान आतड्याची कित्येक मीटरची वाट तो काहीही न करता चालून जातो. पोटात सगळं शांत असतं, माणूस झोपी जातो. मध्यरात्र उलटल्यावर ते पाणी मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे अंधार आहे, ऊब आहे आणि प्राणवायू जवळजवळ नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी धरतात, आणि त्यातले बहुतेक सगळे याच जागी राहतात. सगळ्यांचं मिळून वजन पावशेराच्या आतलं. पण त्यांच्याकडे आपल्याजवळ नसलेली विकरं आहेत, विशेषतः वनस्पतींनी घातलेल्या साखरेच्या कड्या उघडणारी.

त्यांपैकी बीटा-ग्लुकोसिडेज हे विकर सेनोसाइडच्या हातातल्या दोन्ही पुड्या काढून घेतं. ग्लुकोज जिवाणू खातात. त्यांना हवं असतं ते एवढंच. मग दुसरी विकरं उरलेल्या जुळ्यांच्या पाठीमधला सांधा तोडतात आणि प्रत्येक अर्ध्यातून रेइन अँथ्रोन तयार होतं. खरं रेचक हे. त्याने मोठ्या आतड्याच्या स्नायूंना जोराच्या लाटा येतात, आणि मळातलं पाणी शोषून घेण्याचं काम मंदावतं. पहाटे पोटात कळ येते ती इथून. काढा घेतल्यापासून गुण येईपर्यंत सहा ते बारा तास जातात. आजीचं घड्याळ बरोबर होतं.

हे सगळं जिवाणूंचंच काम आहे, हे सिद्ध करायचा एक मार्ग म्हणजे जिवाणू काढून टाकून पाहायचं. प्रयोगशाळेत पूर्ण निर्जंतुक वातावरणात जन्मलेले आणि वाढलेले उंदीर असतात. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नसतो. जपानमध्ये तोयामा इथल्या औषधविद्यापीठात कोबाशी, हात्तोरी, आकाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास हा विषय हाती घेतला आणि पुढची कित्येक वर्षं सोडला नाही. माणसाच्या मळातून एकेक जिवाणू वेगळा काढायचा, त्याला एखादं वनौषधीद्रव्य द्यायचं आणि तो त्याचं काय करतो ते पाहायचं, अशी त्यांची चिकाटीची पद्धत. त्यांच्या कामातलं मला सर्वांत बोलकं वाटतं ते कोरफडीचं उदाहरण.

कोरफडीच्या पानाच्या सालीखाली पिवळा कडू चीक असतो. तो आटवून सुकवला की काळा बोळ होतो, बाळंतिणीच्या औषधांत आपल्याकडे असतो तो. त्यातलं मुख्य रेचकद्रव्य बार्बालॉइन. यातही साखर आहे, पण ती थेट कार्बनला कार्बन जोडून घट्ट बसवलेली. ही कडी फार थोड्या जिवाणूंना उघडता येते. उंदरांना बार्बालॉइन दिलं तर त्यांना काहीच होत नाही. मग या संशोधकांनी निर्जंतुक उंदरांच्या आतड्यात माणसाच्या मळातला एकच जिवाणू सोडला, युबॅक्टेरियम कुळातला. तेच उंदीर, तीच मात्रा, आणि आता त्यांना जुलाब झाले. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं. फक्त उंदरांवर तपासून कुणी कोरफड निरुपद्रवी ठरवली असती, तर ती चूक कोरफडीत नव्हे, उंदरांच्या आतड्यात सापडली असती.

आता ज्येष्ठमध. खोकला झाला, घसा बसला की आपण त्याची काडी चघळतो. कीर्तनकार आणि गायक ती खिशातच ठेवतात. ही गोडी ग्लिसिऱ्हायझिनची. त्याच्या रेणूला साखरेच्या जातीचं एक आम्ल, ग्लुक्युरॉनिक आम्ल, दोनदा जोडलेलं असतं. तेवढ्या ओझ्यासह ते रक्तात फारसं जातच नाही. जिवाणूंचं बीटा-ग्लुक्युरॉनिडेज हे विकर ते ओझं उतरवतं आणि मागे ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल उरतं. ते मात्र सहज शोषलं जातं. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करणारं आपलं एक विकर असतं. हे आम्ल त्यालाच अडवतं. मग कॉर्टिसॉल तिथे नको ते काम करू लागतं. शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, पायांना सूज येते, रक्तदाब चढतो. नेदरलँड्समधले डॉक्टर रेव्हर्स १९४०च्या दशकात जठराच्या व्रणांवर ज्येष्ठमधाचा अर्क देत होते. व्रणांना आराम पडत होता, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज येत होती. त्या सुजेचा अर्धा कारभार आतड्यातल्या जिवाणूंचा होता हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

घसा बसला म्हणून एखाद दिवस चघळलेल्या काडीने कुणाचं काही बिघडत नाही. पण रक्तदाबाची गोळी चालू असताना महिनोन् महिने ज्येष्ठमधाचं चूर्ण घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ‘नैसर्गिकच आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्यही ऐकलं आहे. ते ऐकलं की मला खरोखर भीती वाटते. जर्दाळूची कडू बी आणि कडू बदामसुद्धा नैसर्गिकच आहेत. त्यातल्या अमिग्डालिनची साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू काढतात आणि सायनाइड सुटतं. ज्या मात्रेने साधे उंदीर मेले, ती मात्रा निर्जंतुक उंदरांनी पचवली होती.

इथवर जिवाणूंनी औषध जागं केलं. उलटही होतं. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीवर पुस्तक लिहिलं आणि हृदय थकून अंगावर पाणी साचलेल्या रुग्णांवर तिची पानं कशी चालतात ते नोंदवलं. त्याच कुळातल्या एका झाडापासून मिळणारं डिगॉक्सिन आजही हृदयरुग्णांना देतात. गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी, म्हणून रक्तातलं प्रमाण डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. काही रुग्णांना मात्र नेहमीची मात्रा पुरतच नसे. न्यूयॉर्कमध्ये जॉन लिंडनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवलं की अशा माणसांच्या आतड्यातले जिवाणू डिगॉक्सिनच्या रेणूत हायड्रोजन घालून ते निकामी करतात. त्यांना अँटिबायोटिक दिलं की जिवाणू दबतात, आणि पूर्वीच्याच गोळीने रक्तातलं डिगॉक्सिन दुपटीपर्यंत चढू शकतं. घशाच्या साध्या संसर्गासाठी दिलेली कॅप्सूल हृदयाच्या औषधाचं विष करू शकते, ती अशी.

याच कामात पुढे आपल्या देशाचा भाग आहे. वेल्लोरचे व्ही. आय. माथन आणि न्यूयॉर्कचा हा गट यांनी मिळून दोन ठिकाणच्या लोकांची तुलना केली आणि १९८९ साली ती छापली. न्यूयॉर्कमधल्या सुमारे ३६ टक्के लोकांत जिवाणू डिगॉक्सिन मोडत होते. दक्षिण भारतात हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि खेड्यांपेक्षा शहरांत जास्त. गंमत म्हणजे ते काम करू शकणारे जिवाणू दोन्हीकडे सापडत होते. जिवाणू असूनही ते काम का करत नसावेत? याचं उत्तर २०१३ साली पीटर टर्नबॉ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. एगर्थेला लेन्टा या जिवाणूच्या काही वाणांतच त्यासाठी लागणारी जनुकं असतात, आणि आर्जिनिन हे अमिनो आम्ल भरपूर मिळालं की ती जनुकं थंडावतात. उंदरांना प्रथिनयुक्त आहार दिला, तर त्यांच्या रक्तात डिगॉक्सिन जास्त टिकलं. म्हणजे गोळीसोबत ताटात काय होतं, हाही औषधाच्या मात्रेचाच भाग झाला.

आणि आता आपल्या सह्याद्रीकडे यावं लागतं. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गच्या घाटमाथ्यावरच्या रानात नरक्या नावाचं एक लहानसं झाड वाढतं. फुलांना दुर्गंधी, म्हणून नाव असं. रानातल्या माणसांना त्याचा वास माहीत होता, किंमत माहीत नव्हती. ती कळली तेव्हा ट्रक भरभरून त्याची लाकडं चोरीला गेली. कारण त्यात कॅम्प्टोथेसिन आहे, कर्करोगाची पेशी दुभंगत असतानाच तिला अडवणारं द्रव्य.

कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा वेगळं केलं ते अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, एका चिनी झाडाच्या खोडातून. १९६६ साली ते जाहीर करणारे दोघे प्रमुख शास्त्रज्ञ म्हणजे मनरो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी हे नंदुरबारचे, १९२५चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकलेले. याच जोडीने १९७१ साली टॅक्सॉलची रचना सांगितली. कर्करोगावरची दोन मोठी वनस्पतिज औषधं ज्यांच्या हातून जगाला मिळाली, त्या माणसाचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत नसावं याची मला खंत वाटते. नरक्यात तेच द्रव्य आहे हे १९७२ साली मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी शोधलं. नंदुरबारच्या माणसाने सातासमुद्रापार चिनी झाडात शोधलेलं द्रव्य आपल्या घाटात मुबलक होतं.

मूळ कॅम्प्टोथेसिन फार जहाल, त्याच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते सुधारून आयरिनोटेकन झालं. ते घडवलं जपानमध्ये, आणि त्यात पुढाकार होता याकुल्ट या कंपनीचा; जिवाणूंचं पेय विकणारी तीच कंपनी. १९९४ साली जपानमध्ये आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते आजही मोठ्या प्रमाणावर देतात.

आयरिनोटेकन शिरेतून देतात, तोंडावाटे नाही. मग आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध कुठे आला? ही वाट सावकाश पाहण्यासारखी आहे. रक्तात गेल्यावर शरीराची विकरं आयरिनोटेकनचं एस.एन.-३८ करतात. ते मूळ औषधाच्या शेकडो पटींनी जहाल. कर्करोगावर चालतं ते हेच. काम झाल्यावर यकृत त्याला निरुपद्रवी करण्यासाठी त्याच्या अंगावर ग्लुक्युरॉनिक आम्ल चढवतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडून देतं. शरीराच्या लेखी विष बांधून, गाठ मारून बाहेर टाकलेलं असतं. पण आतड्यात बीटा-ग्लुक्युरॉनिडेज बसलेलं आहे, ज्येष्ठमधाचं ओझं उतरवणाऱ्या विकराचा भाऊबंद. जिवाणूंना खायला ते आम्ल हवं असतं. ते गाठ सोडतात, आम्ल खातात, आणि एस.एन.-३८ आतड्याच्या अस्तरावर मोकळं पडतं. त्या अस्तराच्या पेशी सतत दुभंगत असतात, म्हणजे औषधाच्या तडाख्यात नेमक्या सापडणाऱ्या. मग जुलाब सुरू होतात, काही रुग्णांत इतके की उपचार थांबवावे लागतात. कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसाने जुलाबामुळे औषध अर्ध्यावर सोडावं, हे ज्याने घरात पाहिलं आहे त्याला यातलं दुःख सांगायला नको.

अँटिबायोटिकने सगळे जिवाणू मारणं हा उपाय नव्हे; तशा रुग्णाला ते जिवाणू हवेच असतात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, म्हणजे वॉल आणि वाणींच्या प्रयोगशाळेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, मॅथ्यू रेडिन्बो यांनी विकराच्या घडणीकडे पाहिलं. माणसाच्या शरीरातही बीटा-ग्लुक्युरॉनिडेज असतं, पण जिवाणूंच्या विकराच्या तोंडाशी एक छोटा वळसा जास्त आहे. त्या वळशालाच अडकतील असे रेणू त्यांनी निवडले. जिवाणू मरत नाहीत, आपलं विकर चालू राहतं, फक्त ती गाठ सोडायचं काम बंद पडतं. उंदरांमध्ये आयरिनोटेकनचे जुलाब यामुळे टळले. हे काम २०१० साली ‘सायन्स’मध्ये आलं.

जपानच्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरली होती. त्यांच्या काम्पो या पारंपरिक वैद्यकात हांगे-शाशिन-तो नावाचा सात वनस्पतींचा काढा आहे. त्यातल्या एका मुळात बायकालिन असतं, आणि बायकालिनच्या अंगावरही तेच ग्लुक्युरॉनिक आम्ल आहे. विकर त्याच्यात गुंतलं की एस.एन.-३८ला हात लावायला मोकळं राहत नाही. आयरिनोटेकन घेणाऱ्या रुग्णांना हा काढा दिला तेव्हा तीव्र जुलाब कमी झाले, हे २००३च्या एका चाचणीत दिसलं. त्या सात वनस्पतींत ज्येष्ठमधही आहे.

आपल्या सोलापूर-नाशिकच्या डाळिंबाचं प्रकरण याच जातीचं. त्यातल्या तुरट द्रव्यांपासून काही माणसांच्या आतड्यात युरोलिथिन तयार होतात. स्पेनमध्ये मुर्सिया इथल्या संशोधकांना माणसांचे त्यावरून तीन गट पाडता आले. तिसऱ्या गटातल्या माणसांनी कितीही डाळिंबं खाल्ली तरी त्यांच्यात युरोलिथिन बनतच नाही, कारण ते बनवणारे जिवाणू त्यांच्याकडे नाहीत.

आजीच्या ‘कोठ्या’कडे मला आता वेगळ्या नजरेने पाहता येतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पहिल्याच अध्यायात कोष्ठाचे क्रूर, मृदू आणि मध्य असे तीन प्रकार दिले आहेत. मृदू कोष्ठाच्या माणसाला दूध, गूळ, उसाचा रस, मनुका यांनीही रेच होतो, असं चरकसंहिता सांगते. या ग्रंथकारांना जिवाणू माहीत होते, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं त्यांच्यावरही अन्याय आहे. त्यांनी या फरकाची कारणं वात, पित्त, कफात शोधली. पण एकच औषध दोन माणसांत दोन तऱ्हांनी वागतं हे त्यांनी पाहिलं, लिहून ठेवलं आणि मात्रा ठरवण्याआधी कोठा विचारायची शिस्त घालून दिली. ही शिस्त आज बाटलीवरच्या ‘दोन चमचे दिवसातून दोनदा’ या छापील ओळीत हरवली आहे. वनौषधींच्या चाचण्या करताना रुग्णाने गेल्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं होतं का, एवढा साधा प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो विचारला नाही, तर एका गटाला गुण का आला आणि दुसऱ्याला का नाही, हे कधीच कळणार नाही.

तोवर वाचकांना माझी एक विनंती आहे. डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात चालू असलेला काढा, चूर्ण, आसव, रात्रीची सोनामुखी, सगळं त्यांना सांगा. ‘ते काय, साधंच आहे’ म्हणून गाळू नका. वैद्यांकडे जाल तेव्हा रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांची नावं घेऊन जा. आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल, तर ते दोघांनाही सांगा.